मांडीतले बळ

जूचंद्रच्या टेकडीवर चंडिकादेवीचे देऊळ आहे. पायऱ्या चढताना म्हातारी माणसे गुडघ्यावर हात टेकतात. "वय झालं, बाई!" म्हणतात. वय तर झालेच. पण मांडीचे मांसही झडलेले असते. बसून राहिले, की ते अधिकच झडते.

गेलेले बळ परत येते का? अमेरिकेत बोस्टन शहरी डॉक्टरांनी हे पाहिले. नव्वदीच्या १० माणसांना त्यांनी ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. ९ जण टिकले. त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून जास्त झाले. दोघांची तर काठी सुटली! हे १९९० साली छापून आले. व्यायाम थांबला, तसे बळ पुन्हा उतरू लागले.

आजी, घरी वजन कुठले? खुर्चीवर बसा. हात न टेकता उठा. पुन्हा बसा. जेवणात डाळ, अंडे, सुकट घ्या. छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.