एकाच पातेल्यातले मीठ, दोघांचा वेगळा रक्तदाब

लखनौच्या हजरतगंजात संध्याकाळी रमतगमत फिरण्याला तेथील लोक 'गंजिंग' म्हणतात. त्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातील दोन सख्खे भाऊ असे फिरायला निघाले आहेत, अशी कल्पना करा. दोघांनी एकाच गाड्यावर पादेलोण भुरभुरलेली चाट खाल्ली आणि घरी येऊन एकाच पातेल्यातली आमटी जेवली. थोरल्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे १२०/८० च्या आसपास राहिला आहे. धाकट्याचा मात्र चाळिशीतच १५०/९६ भरतो. थोरला म्हणतो, "मी तुझ्याहून खारट खातो, मला कुठे काय होते?"

रक्तदाब मोजण्याच्या टेबलापाशी हे वाक्य परिचारिकांच्या कानी नेहमी पडते. थोरल्याचे निरीक्षण खोटे नाही. मिठाला प्रत्येक शरीर सारखाच प्रतिसाद देत नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या शरीरात आधी मिठाचे प्रमाण वाढवले, मग ते घटवले आणि दोन्ही वेळच्या रक्तदाबांची तुलना केली. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ५१ टक्के, आणि रक्तदाब सामान्य असलेल्यांपैकीही २६ टक्के लोकांमध्ये हा फरक ठळक आढळला. अशा शरीरांना मीठ-संवेदनशील म्हणतात. थोरल्या भावाने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, आज ज्यांचा रक्तदाब ठीक आहे अशा चौघांपैकी एकजण या गटातला होता.

हा फरक मुख्यतः मूत्रपिंडात ठरतो. आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक मीठ मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका पुन्हा रक्तात ओढून घेतात आणि उरलेले काही ग्रॅम लघवीवाटे बाहेर पडतात. हे ओढून घेण्याचे काम नलिकांच्या भिंतीतील प्रथिनांची द्वारे करतात. कोणते द्वार किती उघडे राहावे, याच्या सूचना जनुकांत लिहिलेल्या असतात आणि त्या आईवडिलांकडून आपल्याकडे येतात. एखाद्याची द्वारे किंचित अधिक मीठ राखून ठेवतात. मिठाबरोबर पाणीही थांबते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा दाब चढतो. खाल्ल्या मिठाला जागणे हा माणसाचा गुण खरा, पण मूत्रपिंड मिठाला इतके धरून राहिले तर ते शरीराला महाग पडते.

जनुकांचा हात किती?

लुईस डाल या अमेरिकी संशोधकाने १९६२ साली उंदरांची निवडक पैदास करून दोन वंश वेगळे केले. खारट अन्नावर एका वंशाचा रक्तदाब भराभर चढे, दुसऱ्याचा फारसा हलत नसे. अन्न आणि पिंजरे तेच होते, वंश तेवढा निराळा होता.

माणसांत याचे सर्वांत ठळक रूप एका दुर्मीळ आजारात दिसते. ग्रँट लिडल यांनी १९६३ साली एका कुटुंबात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला लिडल लक्षणसमूह म्हणतात. त्यात सोडियमचे एक द्वार बंद होण्याचे विसरूनच जाते. त्यामागचा जनुकातील दोष १९९४ साली सापडला. अशा घरांत रक्तदाब कोवळ्या वयातच फार वाढतो. म्हणून आपल्या घरात दोन-तीन पिढ्यांत कोणाला तिशीच्या आत उच्च रक्तदाब झाला असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा. या आजारावर औषध आहे, परंतु ते नेहमीच्या गोळ्यांहून वेगळे असते.

बहुतेक घरांची गोष्ट इतकी सरळ नसते. तेथे एकच जनुक दोषी नसून अनेक जनुके थोडाथोडा भार टाकतात. त्यांपैकी एक यूरोमोड्युलिन हे प्रथिन घडवते. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वाधिक आढळणारे प्रथिन हेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, या जनुकाच्या एका प्रकारामुळे हे प्रथिन अधिक तयार होते आणि मूत्रपिंड मीठ अधिक राखते. हा प्रकार दुर्मीळ नाही, कितीतरी समाजांत बहुसंख्य लोक तो बाळगून असतात.

एकूण भार किती, याचा चांगला अंदाज उत्तर चीनमधील खेड्यांतून मिळाला. तेथील कुटुंबांतील १,९०० हून अधिक लोकांना सात दिवस रोज सुमारे ३ ग्रॅम आणि पुढचे सात दिवस रोज सुमारे १८ ग्रॅम मीठ देऊन त्यांचा रक्तदाब मोजला गेला. मिठामुळे कोणाचा रक्तदाब किती बदलतो, यात माणसामाणसांत जो फरक दिसला, त्याचा साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा आनुवंशिकतेकडे जात होता. उरलेला मोठा हिस्सा वय, वजन, मूत्रपिंडांची स्थिती, आहारातील फळेभाज्या अशा गोष्टींचा. यांतले वय कोणाच्याच हाती नाही. वय वाढते, तशी मीठ-संवेदनशीलताही वाढते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार तिला आणखी वाढवतात. थोरल्या भावाची आजची खात्री साठीतही टिकेल, असे कोणी सांगू शकत नाही.

आपण कोणत्या गटातले, हे तपासता येईल का? दवाखान्यात त्यासाठी साधी चाचणी नाही. जनुकीय तपासणीची संचे बाजारात विकली जातात. मात्र किती मीठ खावे एवढ्याच प्रश्नासाठी त्यांवर पैसे खर्चू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आईवडिलांचा व भावंडांचा रक्तदाब आणि स्वतःचा नियमित मोजलेला रक्तदाब यांतून अधिक उपयुक्त माहिती मिळते, तीही विनामूल्य.

घर बदलले, जनुके तीच

केनियातील लुओ समाजाचे लोक खेड्यातून नैरोबी शहरात राहायला गेले, तेव्हा संशोधकांनी त्यांचा मागोवा घेतला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शहरात आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांचा रक्तदाब गावी राहिलेल्यांपेक्षा चढलेला दिसला. लघवीतील सोडियमही वाढले होते. जनुके तीच होती, ताट मात्र बदलले होते.

लखनौतील मराठी घरांनी हे उदाहरण मनावर घ्यावे. या शहराशी आपले नाते जुने आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने येथे १९२६ साली संगीत महाविद्यालय उभे राहिले. शिक्षण आणि नोकरी यांनिमित्त पुढेही मराठी माणसे येत राहिली. त्यांनी लोणचे, पापड, सांडगी मिरची आणि ठेचा सोडला नाही, त्यात चाट, खस्ता आणि पादेलोण घातलेला रायता यांची भर पडली. दोन प्रांतांच्या चवी नांदणे आनंदाचे आहे, पण दोन्हींचे मीठ एकाच मूत्रपिंडाला उपसावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, म्हणजे लहान चमचाभरही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय प्रौढ सरासरी ८ ग्रॅम खातो. या मर्यादेत पापडातले, बिस्किटातले आणि गाड्यावरचेही मीठ धरायचे असते. पापडात तर मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. शेंदेलोण व पादेलोण यांना अनेकजण निरुपद्रवी समजतात, परंतु तीही मुख्यतः तेच मीठ आहेत. शिवाय त्यांत बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. स्वयंपाकासाठी आयोडीनयुक्त मीठच ठेवा, फक्त कमी वापरा.

पान वाढताना डाव्या बाजूला सर्वांत आधी मीठ वाढण्याची आपली पद्धत आहे. घरात कोणालाही उच्च रक्तदाब असल्यास तेवढी एक पद्धत मोडा आणि त्या जागी लिंबाची फोड ठेवा. धाकट्यासाठी वेगळी अळणी आमटी शिजवू नका. वेगळ्या वाटीने माणूस एकटा पडतो आणि महिन्याभरात पुन्हा सर्वांच्या पातेल्याकडे वळतो. मीठ सगळ्यांचेच कमी करा. चवीची सवय हळूहळू बदलते, म्हणून एकदम अर्ध्यावर न येता दर आठवड्याला थोडे थोडे घटवा.

कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. बहुतेकांना ते लाभदायक ठरते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. ती कमी करायची की नाही, हे डॉक्टर नोंदी पाहून ठरवतील.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य मोजला जातो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळा, पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. आकडा १४०/९० किंवा अधिक आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. थोरल्या भावालाही बरोबर आणा.

आणि घरचा हिशेब असा करा. चार प्रौढांच्या घरात एक किलोची मिठाची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमहून अधिक मीठ होते, तेही बाहेरचे खाणे न धरता. हीच पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. पुढची पिशवी फोडाल, तेव्हा तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहा. संपल्याची तारीख रक्तदाबाच्या वहीत नोंदवा आणि ती वही तपासणीला येताना सोबत आणा.