घरी बांधलेल्या विमानाला पायरी : धातुकाम करणाऱ्यांसाठी एक धडा

ट्रकच्या केबिनला पायरी लावणे आपल्या कारागीर बांधवांना नवीन नाही. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात हे काम रोज होते. दोन पट्ट्या, जाळीचा एक तुकडा, चार टाके, की गाडी पुन्हा रस्त्यावर. हीच पायरी लहान विमानाला लावायची असेल, तर त्याच कारागिराला आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. असे का? याचे उत्तर नीट समजून घेतले, तर विमान कधी न पाहिलेल्या फॅब्रिकेटरलाही त्याचा धंद्यात फायदा होईल.

घरी विमान कोण बांधतो?

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधण्याचा छंद जुना आहे. अशा हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केली. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे तिचा मोठा वार्षिक मेळावा भरतो. तेथील कायद्याचा मुख्य नियम असा, की विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी वा हौसेसाठी स्वतः केलेले असावे. उरलेल्या कामासाठी तयार भागांचे संच विकत मिळतात.

यांपैकी पुष्कळ विमानांचे पंख खालच्या बाजूला असतात. आत बसायचे तर आधी पंखावर चढावे लागते. पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप नावाची हलणारी झडप असते. तिच्यावर पाय पडला तर ती वाकते. म्हणून पंखाच्या मागे, विमानाच्या अंगाला एक लहान पायरी बसवतात. पुष्कळ मालक ही पायरी विमान तयार झाल्यावर मागाहून लावतात, आणि खरी परीक्षा तेथेच असते.

वजन जाते कोठे?

समजा, ९० किलो वजनाचा माणूस पायरीवर उभा राहिला आणि पायरी विमानाच्या अंगापासून २० सेंटिमीटर बाहेर आहे. ९० गुणिले ०.२० म्हणजे १८ किलो-मीटरचा पीळ बैठकीवर येतो. बैठकीच्या बोल्टांच्या वरच्या व खालच्या ओळीत १० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरची ओळ १८० किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची बाजू तितक्याच जोराने आत दाबली जाते. माणूस उतरताना धपकन पाय टाकतो. तेव्हा हा जोर दुप्पट, म्हणजे ३६० किलो धरावा.

३/१६ इंचाचा विमानाचा बोल्ट हा ताण सहज सोसतो. पण ज्या पत्र्याला तो लावला आहे, त्याची जाडी अनेकदा ०.६ ते ०.८ मिलिमीटरच असते. बोल्ट टिकेल, पत्रा टिकणार नाही. आधी पत्रा किंचित आत-बाहेर होऊ लागेल, मग भोकाच्या कडेला केसासारखी चीर पडेल, आणि पुढे उड्डाणातील थरथरीने ती वाढत जाईल. म्हणून पायरी नुसत्या पत्र्याला कधीही लावू नये. तिचा भार आतील सांगाड्यापर्यंत, म्हणजे आडव्या चौकटीपर्यंत आणि उभ्या-लांब पट्ट्यांपर्यंत पोहोचवावा. मध्ये जाड जोडपत्रा द्यावा. ट्रकची पायरी चासीला टेकवतात, दरवाज्याच्या पत्र्याला नव्हे. तत्त्व तेच आहे.

धातूची निवड

पायरीसाठी बहुधा ४१३० या क्रमांकाच्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी वापरतात. ती मजबूत असून वेल्डिंगला चांगली असते. अल्युमिनियम हलके म्हणून मोह होतो. परंतु ६०६१-टी६ जातीचे अल्युमिनियम वेल्ड केले, की टाक्याच्या आजूबाजूची सुमारे ४० टक्के ताकद जाते. विमानाच्या पत्र्याला वापरतात ते २०२४ जातीचे अल्युमिनियम तर नेहमीच्या पद्धतीने वेल्ड करूच नये. त्याला रिव्हेट वा बोल्टच हवेत. दिसायला दोन्ही पत्रे सारखेच चकचकीत. म्हणून शिक्का आणि टेस्ट सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय माल घेऊ नये.

पोलाद आणि अल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकले आणि ओलावा लागला, की अल्युमिनियम खाल्ले जाते. कोकणातील मच्छीमार बांधवांना खाऱ्या हवेचा हा अनुभव आहेच. दोन्ही धातूंना प्रायमर देऊनच जोड करावा.

भोक आणि बोल्ट

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर भोकाच्या व्यासाच्या किमान दुप्पट ठेवावे. त्याहून कमी ठेवले तर कड फाटते. आधी लहान ड्रिल मारावे, मग रीमरने नेमके माप घ्यावे. भोकाच्या दोन्ही बाजूंची बर काढून कड गुळगुळीत करावी. पत्र्यावर रेघ मारण्यासाठी टोकदार सुई वापरू नये. ओरखडा हीच उद्याची चीर असते. बारीक मार्कर पेन वापरावे.

बोल्टचा आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग जोडाच्या जाडीइतका असावा. आटे भोकात बसले तर भार त्यांच्यावर येतो आणि ते भोक खातात. थोडा फरक वॉशरने भरून काढावा. लॉकनट आवळल्यावर बोल्टचा निदान एक आटा बाहेर दिसला पाहिजे. ३/१६ इंच बोल्टसाठी आवळण्याचे नेहमीचे माप २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २.३ ते २.८ न्यूटन-मीटर आहे. ते टॉर्क पान्यानेच घ्यावे. हाताच्या अंदाजाने बोल्ट हमखास जास्त आवळला जातो.

वेल्डिंग

पातळ नळीला टिग किंवा गॅस वेल्डिंग चालते. आधी टाके मारून माप तपासावे, मग शिवण पुरी करावी. काम झाल्यावर पाणी टाकू नये, पंखा लावू नये; वारा नसलेल्या जागी सावकाश थंड होऊ द्यावे. झटकन थंड केलेले हे पोलाद काचेसारखे कडक होऊन शिवणीशेजारी तडकू शकते. कॅडमियम वा जस्ताचा मुलामा असलेल्या तुकड्यावर वेल्डिंग करू नये. त्याचा धूर विषारी असतो. नळी आतून गंजू नये म्हणून तीत जवसाचे तेल फिरवून, जादा तेल निथळून तोंड बंद करण्याची पद्धत आहे.

दोन किलोचा हिशेब

पायरी बसली म्हणजे काम संपले असे नाही. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ४५० किलो आहे आणि तोलबिंदू ठरलेल्या खुणेपासून १.८० मीटरवर आहे. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या व बैठका मिळून २.४ किलो झाल्या आणि त्या खुणेपासून २.६० मीटरवर लागल्या. आधीचा गुणाकार ८१०, नवा ६.२४, बेरीज ८१६.२४. तिला ४५२.४ ने भागले की १.८०४ मीटर येते. तोल सुमारे ४ मिलिमीटर मागे गेला. हे थोडे वाटेल. पण मागे सामान भरल्यावर ज्याचा तोल आधीच मर्यादेजवळ जातो, त्या विमानात हे ४ मिलिमीटरही मोजावे लागतात. तोल मर्यादेच्या मागे गेला तर विमान सांभाळणे कठीण होते आणि त्यात जीव जातात. म्हणून नवे वजन व तोल लिहून ठेवतात आणि विमानाच्या वहीत कामाची तारखेसह नोंद करतात.

धंद्यासाठी बोध

रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७३ मध्ये ओरेगॉन राज्यात सुरू केलेली ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही विमान-संचांची मोठी कंपनी आहे. तिच्या संचांपासून बनलेली दहा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. या कंपनीने काम लवकर व्हावे म्हणून काही भागांची भोके लेझरने कापून घेतली. पुढे त्यांतील काही भोकांच्या कडांना बारीक तडे दिसू लागले. ग्राहकांना भाग बदलून द्यावे लागले, इतर खर्चही वाढला होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. पन्नास वर्षांचे नाव एका भोकाच्या कडेपाशी अडले.

आपल्याकडेही घरी विमान बांधण्याचा प्रयत्न झाला आहे. पायलट अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांपुढे मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. मात्र हा धडा वाचून कोणी उद्या विमानाचे भाग बनवू लागावे, असा आमचा सल्ला नाही. त्याला मंजुरी लागते, आणि विमान उद्योगाला माल पुरवणाऱ्यांकडून ‘एएस ९१००’ हे गुणवत्ता प्रमाणपत्र मागितले जाते. पण त्या प्रमाणपत्रामागच्या सवयी आजपासून लावून घेता येतात, आणि त्यांना फारसा पैसाही लागत नाही.

१) मालाचे सर्टिफिकेट फाईलला लावा.
२) भार कोठे जातो, हे काम धरण्यापूर्वी कागदावर काढा.
३) भोकाची कड आणि वेल्डिंगची शिवण गिऱ्हाइकाने पाहण्याआधी स्वतः तपासा.
४) कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेला केले, याची वही ठेवा.

शाळेच्या बसची पायरी, इस्पितळाचा जिना, गच्चीचा कठडा, या सर्वांवरही कोणाचा तरी जीव टेकलेला असतो. गिऱ्हाईक रंग पाहून पैसे देतो. रंगाखालचे काम ही त्याची आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ. स.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याच ठिकाणी चिलखताच्या कड्या मापात जोडण्याची ताकीदही आहे. लोखंडाचे हुनर आणि मापाची जबाबदारी त्यांना एकाच वेळी मिळाली. आपल्या दुकानातही ती दोन्ही एकत्रच राहिली पाहिजेत.