बंदरातली वाहतूक : जिथे ब्रेक नसतो



वाहतुकीचा पाठ घेताना आपण झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल, हेल्मेट हे सगळं मन लावून शिकवतो. जलवाहतूक मात्र बोट, जहाज, पाणबुडी अशा तीन चित्रांत आटोपते. आणि हीच मुलं सहलीला गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा जीव गेला. मुलं विचारतात, “मॅडम, एवढा मोठा समुद्र, मग बोटी धडकतातच कशा?”

समुद्र मोठा असला तरी बंदरात खोल पाण्याची वाट अरुंद असते. मोठी जहाजं गाळ काढून खोल केलेल्या त्या वाटेनेच जाऊ शकतात. बाजूला वळली तर रुततील. शिवाय पाण्यावर ब्रेक नाही. इंजिन बंद केलं तरी भरलेलं जहाज एक किलोमीटरहूनही जास्त पुढे जाऊ शकतं. आणि तिसरी गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त चकित करते. मोठ्या जहाजाच्या नाळेसमोरचं पाणी कप्तानाला दिसतच नाही. नियमानुसार हा न दिसणारा पट्टा जहाजाच्या दोन लांबींएवढा किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढा असू शकतो. त्या पट्ट्यात एखादी छोटी होडी असली तर वर कुणाला पत्ताही नसतो.

म्हणून पाण्यावरचे नियम ‘थांबा’ म्हणत नाहीत, ‘लवकर ठरवा आणि समोरच्याला ते दिसू द्या’ म्हणतात. १९७२ साली ठरलेले टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आपल्याकडेही लागू आहेत. त्यातले मुलांना झेपतील एवढेच सांगते. अरुंद वाटेत आपल्या उजव्या काठाने चालायचं (रस्त्यावर डावीकडून, पाण्यात उजवीकडून, इथे वर्गात हमखास गोंधळ होतो!). अगदी समोरासमोर आलो तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वीस मीटरपेक्षा लहान बोटीने त्या वाटेतच चालू शकणाऱ्या मोठ्या जहाजाला अडवायचं नाही. नजर आणि कान सतत उघडे हवेत, वेग बेताचा हवा.

दिव्यांचा नियम तर फारच सुंदर आहे. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. इंजिनाची बोट उजवीकडून आडवी येत असेल तर तिचं डावं अंग आपल्याकडे असतं, म्हणजे आपल्याला लाल दिसतो. मग वाट आपण द्यायची आणि शक्यतो तिच्या मागून जायचं. डावीकडून आली तर हिरवा दिसतो. तेव्हा आपण आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. पण ती वळत नाही असं दिसलं तर ‘माझा हक्क होता’ म्हणत बसायचं नाही, आपणही टक्कर टाळायची.

भोंग्याची भाषा मुलं एका तासात पाठ करतात. एक छोटा भोंगा : मी उजवीकडे वळतोय. दोन : डावीकडे. तीन : इंजिन उलटं फिरवतोय. पाच किंवा जास्त : तुझं काय चाललंय ते मला कळत नाही!

हे सगळं मैदानावर घ्या. प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला लाल रिबीन, उजव्याला हिरवी. चुन्याच्या दोन रेघांमध्ये ‘बंदर’. अट एकच, शिट्टी वाजली की लगेच थांबायचं नाही, आणखी पाच पावलं चालायचंच. पहिल्या फेरीत धडकाधडकी होते, आणि दहा मिनिटांत मुलं लांबूनच वळायला लागतात. किनाऱ्यावरच्या शाळांनी एखाद्या तांडेल पालकांना जरूर बोलवावं. ते या खेळात आपल्यापेक्षा जास्त रंग भरतील.

सहलीच्या दिवशी लाइफ जॅकेट लाँच सुटण्याआधीच अंगात आणि बकल लावलेलं हवं, बाकाखाली ठेवलेलं नको. बोटीवर किती माणसांना परवानगी आहे ते विचारा आणि माणसं मोजा. जास्त भरली असेल तर पुढच्या लाँचने जा, मग सहलीचं वेळापत्रक कोलमडलं तरी चालेल. फोटोसाठी सगळ्यांनी एकाच बाजूला धावायचं नाही, हे बसतानाच सांगा.

घरचा अभ्यास : रात्री समोर लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ती बोट कुठे चालली आहे? आपण काय करायचं? उत्तर सांगू नका. रिबिनी बांधून दोघांना समोरासमोर उभं करा.