कार्ड पेटीत, अर्थ कोणाला माहीत?
सिकलसेलचा धडा मुलांना असा शिकवू या

बस्तीतल्या काही घरांत आम्ही सिकलसेलचे कार्ड पाहायला मागितले. एका घरी ते पेटीतून निघाले, जातीच्या दाखल्यासोबत नीट घडी घालून ठेवलेले. त्यावर ‘एएस’ लिहिले होते. अर्थ विचारला तर माय म्हणाली, “पोरीचं रगत कमी हाय, म्हनून लिवलं असन.” मुलगी अकरावीत होती. तिलाही ठाऊक नव्हते.

तपासणी झाली होती, कार्डही मिळाले होते, पण त्याचा उपयोग घरात कोणालाच करता येत नव्हता. आरोग्य शिक्षण बहुतेक वेळा इथेच अडते. आपण मुलांना व्याख्या पाठ करून घेतो. कागद वाचणे, प्रश्न विचारणे, निर्णय घेणे, अवघड गोष्ट घरात बोलणे हे शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत हीच कामे आहेत. शाळांमध्ये २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात यासाठी दोन शिक्षक नेमायचे ठरले. पण हा वर्ग विहारात, समाजमंदिरात, अंगणातही घेता येतो. तो कसा घ्यावा, ते पाहू.

आधी शिकवणाऱ्याने समजून घ्यावे

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे-सांधे भयंकर दुखतात. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांत मरते, म्हणून रक्त कमी होते. हा आजार शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने होत नाही. तो आई आणि वडील या दोघांकडून येतो.

‘एए’ म्हणजे निरोगी. ‘एएस’ म्हणजे वाहक. तो रुग्ण नाही, त्याचे आयुष्य सर्वसाधारण असते. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण.

“हा आपल्याच जातीचा आजार” असे कोणी म्हटले तर तिथेच थांबवा. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. विदर्भात आपल्या समाजात, तसाच आदिवासी व इतर समाजांतही आहे. रक्ताला जात कळत नाही.

कृती पहिली : दाण्यांचा खेळ

दोन वाट्या घ्या. एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत एक ज्वारीचा आणि एक उडदाचा दाणा टाका. ज्वारी म्हणजे चांगला गुण, उडीद म्हणजे सिकलसेलचा. म्हणजे आई-वडील दोघेही वाहक. मुलाने डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा काढायचा, फळ्यावर लिहायचे, दाणे परत टाकायचे. असे ४० वेळा करा. साधारण दहा वेळा दोन्ही ज्वारी, वीस वेळा एक-एक, दहा वेळा दोन्ही उडीद येतील. थोडे कमी-जास्त होईल.

मग विचारा, “पहिले मूल आजारी निघाले, तर पुढची तीन नक्की चांगली का?” मुले स्वतःच सांगतील, “नाही, दाणे दर वेळी परत टाकले.” प्रत्येक बाळंतपणात चारात एक ही शक्यता नव्याने असते. आता एका वाटीत दोन्ही दाणे ज्वारीचे ठेवून पुन्हा खेळा. एकही रुग्ण निघत नाही. म्हणजे वाहकाचे लग्न अडत नाही; जोडीदाराची तपासणी तेवढी हवी.

कृती दुसरी : कागद वाचणे

नमुन्याचे कार्ड कोऱ्या कागदावर तयार करा. खऱ्या मुलाचे कार्ड वर्गात कधीही मागू नका. ती त्याची खासगी बाब आहे. एक प्रश्न मुलांकडून घोटून घ्या : “ही पहिली चाचणी, की पक्की?” पहिली विद्राव्यता चाचणी सिकलसेल आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनेच कळते.

कृती तिसरी : तोंड उघडणे

दोन प्रसंग मुलांना वठवायला द्या. पहिला मैदानावरचा. धावताना थकलेल्या मुलाला आळशी म्हटले जाते. त्याने म्हणायला शिकावे, “सर, मला सिकलसेल आहे. मला पाणी पिऊन सावलीत बसायचं आहे.”

दुसरा सोयरिकीचा.
“पोरीत काही खोट हाय काय, रगत तपासाले सांगता?”
“खोट नाही जी. दोघांचंबी तपासू. रिपोर्ट पाहू, मंग तारीख धरू.”

मुलगाही तपासला पाहिजे, हे वाक्य मुलीच्या तोंडी नव्हे, मुलाच्या तोंडी द्या. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलावे. गर्भाची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते.

कृती चौथी : थांबायचे की निघायचे?

चिठ्ठ्यांवर लक्षणे लिहा, मुलांनी ‘घरी’ आणि ‘लगेच दवाखाना’ असे दोन ढीग करावेत. रुग्ण मुलाला ताप, छातीत दुखणे, धाप, लहान बाळाचे पोट डावीकडे फुगणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, न थांबणाऱ्या वेदना : या सगळ्या चिठ्ठ्या दवाखान्याच्या ढिगात. शाळेतली लोहाची गोळी इतरांनी सोडू नये. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण वारंवार रक्त चढवल्यावर अंगात लोह साठते.

वर्ग एकसारखा नसतो

जळगाव जामोद, संग्रामपूरकडे वर्गात कोरकू, भिल्ल मुले असतील; मलकापूर, खामगावात उर्दू शाळेतली; तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात. दाण्यांच्या खेळाला भाषा लागत नाही. शेवटी प्रत्येकाने तोच धडा आपल्या घरच्या बोलीत सांगावा. समजले की नाही ते तिथे कळते.

सल्लाही जागा पाहून द्यावा. “भरपूर पाणी प्या” म्हणणे सोपे. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोडे पाणी आणायचे कुठून? तिथे मुलांनी विचार करावा : घरच्या गोड्या पाण्यातली पहिली बाटली कोणाची? मामाच्या मुलीशी किंवा चुलत-मावस नात्यात लग्न होते तिथे कोणत्याही समाजाला नावे न ठेवता पुन्हा दाणे काढा : एकाच घराण्यात उडीद असला, तर दोन्ही वाट्यांत येण्याची शक्यता वाढते.

घरचा अभ्यास

येत्या रविवारी पेटी उघडा. घरातल्या प्रत्येकाचे कार्ड आहे का ते पाहा. नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. रुग्ण असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, हे लक्षात ठेवून प्रमाणपत्राची चौकशी करा. आणि कार्डावर काय लिहिले आहे ते या वेळी मुलांना वाचू द्या. आईबापांनी ऐकावे.