किरणोत्सर्गी द्रव्यांचा प्रवास : ढगापासून दुधापर्यंत
(प्राथमिक शाळांच्या वरच्या इयत्तांसाठी विज्ञानपाठ, केंद्र : पिंपळगाव रेणुकाई)

हेतू : अणुभट्टीतील अपघातानंतर किरणोत्सर्गी द्रव्ये कोणत्या मार्गाने मनुष्यापर्यंत पोहोचतात व तो मार्ग कोठे अडविता येतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

विषयप्रवेश : २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील, आजच्या युक्रेनमधील, चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. दोनच दिवसांत हजार किलोमीटरहून दूर असलेल्या स्वीडनमध्ये तिची धूळ आढळली. मे महिन्याच्या आरंभी ती आयर्लंडवर पोहोचली. पुढे आयर्लंडचे लोणी मुंबईत आले, तेव्हा ते खाण्यास योग्य आहे काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. इतक्या दूरच्या अपघाताचा आपल्या लोण्याशी संबंध कसा आला, असा प्रश्न शिक्षकांनी वर्गास विचारावा.

विवेचन : वारा धूळ वाहून नेतो. जेथे पाऊस पडतो तेथे ती अधिक प्रमाणात भूमीवर उतरते व गवतावर बसते. गाय दिवसभर पुष्कळ गवत खाते. त्यामुळे विस्तृत कुरणावरील द्रव्य तिच्या दुधात एकत्र येते. आयोडीन-१३१ दुधावाटे बालकाच्या गळ्यातील अवटु ग्रंथीत साठते. बेलारूस, युक्रेन व रशिया येथील अनेक मुलांना पुढे या ग्रंथीचा कर्करोग झाला. असे दूध वेळीच बंद न होणे हे त्याचे मोठे कारण होय. दूध उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सर्ग जात नाही, हे आवर्जून सांगावे.

सीझियम-१३७ पाण्यात विरघळते. म्हणून घुसळताना त्याचा बहुतेक अंश ताकात राहतो, लोण्यात थोडाच उतरतो. घरी ताक करताना पाहिलेल्या मुलांस हे सहज पटेल.

प्रात्यक्षिक : ज्वारीचे ६४ दाणे घेऊन दर वेळी निम्मे बाजूस काढावेत. सहाव्या वेळी एकच दाणा उरतो. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे या सहा पायऱ्यांस ४८ दिवस लागतात. सीझियम-१३७ निम्मे होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. त्याच पायऱ्यांस १८० वर्षे! यावरून गाईंना गोठ्यात जुना चारा घालणे आणि मुलांचे ताजे दूध काही आठवडे थांबविणे, हे उपाय आयोडीनवर का लागू पडतात ते विद्यार्थ्यांनीच सांगावे.

समारोप : लोण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी निर्धोक असल्याचा तिचा अभिप्राय न्यायालयाने १९८८ मध्ये स्वीकारला. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. तो मोजावाच लागतो. मुलांच्या मनात भीती न घालता ही मोजण्याची वृत्ती रुजविणे, हेच या पाठाचे साध्य होय.

स्वाध्याय : ढग, पाऊस, गवत, गाय, दूध व बालक यांची साखळी काढून ती कोठे तोडता येईल ते दाखवा.