आशुकारी पक्षाघात : कालमर्यादा, संशोधन आणि आपले चिकित्साक्षेत्र

वातव्याधींमध्ये पक्षाघात हा वैद्याच्या बुद्धीची व विवेकाची कसोटी पाहणारा व्याधी आहे. ‘अर्धांगवायूवर आयुर्वेदाचेच औषध’ ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ती आपल्या शास्त्रावरील विश्वासाची खूण आहे यात शंका नाही; तथापि याच समजुतीमुळे काही रुग्ण व्याधी सुरू झाल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच वैद्याच्या दारी किंवा औषधी दुकानाच्या पायरीवर आणले जातात. त्या वेळी आपण काय करतो आणि काय करीत नाही, यावर त्या रुग्णाचे पुढील सर्व आयुष्य अवलंबून असते. म्हणून गेल्या तीन दशकांतील प्रमुख संशोधनाचा आढावा घेऊन आपल्या कार्याच्या सीमा व संधी येथे मांडीत आहोत.

संप्राप्तीचा विचार

चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सिताध्यायात वातप्रकोपाची दोन मूलकारणे सांगितली आहेत : धातुक्षय आणि मार्गावरोध. सुश्रुताचार्यांनी पक्षाघाताची साध्यासाध्यताही याच धाग्याने सांगितली असून, अन्य दोषांनी संसृष्ट असलेला पक्षाघात साध्य, शुद्ध वातजन्य अत्यंत कष्टसाध्य आणि क्षयजन्य असाध्य मानला आहे.

आधुनिक शास्त्रानुसार स्ट्रोकचे दोन प्रमुख प्रकार आहेत. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या काही भागाचा रक्तपुरवठा खंडित होणे हा पहिला, तर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात मार्गावरोधाची कल्पना सहज मनात येते. परंतु ग्रंथोक्त संज्ञेला आधुनिक अर्थ ओढूनताणून चिकटवण्याचा आमचा हेतू नाही. ध्यानात ठेवण्याची गोष्ट इतकीच की, हे दोन प्रकार बाह्य लक्षणांवरून खात्रीने वेगळे करता येत नाहीत. नाडी, जिव्हा, रक्तदाब किंवा रुग्णाची प्रकृती पाहूनही ते शक्य नाही. त्यासाठी सी.टी. स्कॅन अनिवार्य आहे. आणि एका प्रकाराचे औषध दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकते.

गुठळी अडकल्यावर मध्यवर्ती भागातील पेशी काही मिनिटांतच नष्ट होतात. त्याभोवतीचा भाग मात्र अल्प रक्तपुरवठ्यावर काही काळ तग धरून राहतो. हाच भाग वाचवणे हे सर्व आत्ययिक चिकित्सेचे उद्दिष्ट होय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार, मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. अर्धा तास ‘थोडे तेल लावून पाहू’ म्हणून घालवला, तर त्याचे मूल्य काय होते हे यावरून कळावे.

कालमर्यादेविषयीचे संशोधन

१९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एन.आय.एन.डी.एस. अभ्यासात ६२४ रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज किंवा प्लॅसिबो देण्यात आले. अल्टेप्लेज मिळालेल्या रुग्णांत तीन महिन्यांनी नगण्य किंवा शून्य अपंगत्व राहण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी अधिक आढळली. त्याचबरोबर लक्षणयुक्त मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते, प्लॅसिबो गटात ते ०.६ टक्के होते. म्हणजे औषध गुणकारी आहे, तसेच तीक्ष्णही आहे. योग्य रुग्णाची निवड हाच त्याचा प्राण होय. २००८ च्या एकास-३ या युरोपीय अभ्यासाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढवली. त्यात अनुकूल परिणाम ५२.४ टक्के रुग्णांत, तर प्लॅसिबो गटात ४५.२ टक्के रुग्णांत दिसला.

पुढील मोठा टप्पा २०१५ चा. मांडीतील धमनीतून नलिका मेंदूपर्यंत नेऊन गुठळी प्रत्यक्ष बाहेर काढण्याच्या थ्रॉम्बेक्टमी या प्रक्रियेचे पाच अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांतील १२८७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात ९० दिवसांनी स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण ४६ टक्के, तर केवळ औषधोपचार मिळालेल्यांत २६.५ टक्के होते. २०१८ च्या डॉन आणि डिफ्यूज-३ या अभ्यासांनी, विशेष प्रतिमाचित्रणाने निवडलेल्या रुग्णांत ही प्रक्रिया अनुक्रमे २४ व १६ तासांपर्यंत उपयोगी असल्याचे दाखवले. म्हणून ‘साडेचार तास उलटले, आता काही होणे नाही’ असे म्हणून रुग्णाला घरी ठेवणे आज सर्वथा अयोग्य आहे. मात्र २४ तासांची मुदत म्हणजे सवड नव्हे. जितका विलंब, तितका लाभ कमी, हा नियम कायमच आहे.

चिकित्सालयात व दुकानात करावयाची परीक्षा

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात वर धरल्यास खाली घसरणे, बोलणे अडखळणे किंवा न समजणे, एकाएकी तोल जाणे अथवा दृष्टी जाणे, यांपैकी एकही लक्षण अचानक उद्भवले तर तो स्ट्रोक समजूनच वागावे. औषधी विक्रेत्यालाही ही परीक्षा एका मिनिटात करता येते.

अर्दिताविषयी विशेष सावधानता हवी. रुग्णास भुवया वर उचलण्यास सांगावे. चेहऱ्याच्या नाडीचाच विकार असेल तर त्या बाजूच्या कपाळावर वळ्या पडत नाहीत व डोळाही नीट मिटत नाही. मेंदूतील विकारात बहुधा कपाळ सुटते व केवळ खालचा चेहरा वाकडा होतो. शंका असल्यास रुग्णालयाचा मार्ग धरावा.

रक्तशर्करा अत्यंत कमी झाल्यासही पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात. म्हणून ग्लुकोमीटर असल्यास तपासणी करावी, पण त्यासाठी रुग्णवाहिका थांबवू नये. ‘लक्षणे केव्हा दिसली?’ यापेक्षा ‘रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक केव्हा होता?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रात्री दहाला ठीक झोपलेला मनुष्य सकाळी सहाला लुळा उठला, तर वेळ दहापासून मोजली जाते. ही वेळ व चालू औषधांची नावे कागदावर लिहून नातेवाइकांच्या हाती द्यावी, आणि सी.टी. स्कॅन व गुठळी विरघळवण्याची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात १०८ किंवा मिळेल त्या वाहनाने पाठवावे. असे रुग्णालय कोणते, याची चौकशी प्रत्येक वैद्याने आजच करून ठेवावी.

पहिल्या तासांत काय करू नये

१) तोंडाने काहीही देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असते; मधातील मात्रेचे चाटण, काढा, दूध किंवा पाणी श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. याच कारणास्तव नस्यही वर्ज्य समजावे.

२) दुकानातून अ‍ॅस्पिरिन देऊ नये. १९९७ च्या दोन मोठ्या अभ्यासांत मिळून सुमारे ४० हजार रुग्णांचा विचार झाला व लवकर सुरू केलेल्या अ‍ॅस्पिरिनमुळे दर हजारी सुमारे नऊ रुग्णांत मृत्यू किंवा पुन्हा स्ट्रोक टळल्याचे दिसले. परंतु रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच ते द्यावयाचे असते.

३) रक्तदाब घाईने उतरवू नये. गुठळी विरघळवणारे औषध द्यावयाचे असल्यास तो १८५/११० च्या खाली लागतो. ते द्यावयाचे नसल्यास आरंभी २२०/१२० पर्यंतचा दाब बहुधा तसाच राहू देतात. हा निर्णय रुग्णालयाचा आहे. जिभेखाली गोळी ठेवून दाब एकदम पाडल्यास वाचू शकणारा भागही नष्ट होतो.

४) या अवस्थेत विरेचन किंवा अन्य शोधन करू नये. ग्रंथात पक्षाघातासाठी सस्नेह स्वेदन व विरेचन सांगितले आहे हे खरे. परंतु अवस्थेचा विचार न करता केलेले शोधन ग्रंथालाही मान्य नाही.

अर्ध्या तासात पूर्ण बरी झालेली दुर्बलताही क्षुल्लक मानू नये. २०१३ च्या चीनमधील ५१७० रुग्णांच्या अभ्यासात, अशा क्षणिक झटक्यानंतर किंवा सौम्य स्ट्रोकनंतर केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ११.७ टक्के रुग्णांना ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक झाला. क्लोपिडोग्रेलची जोड दिल्यावर हे प्रमाण ८.२ टक्के झाले.

पुनर्वसन : आपले खरे क्षेत्र

रुग्ण स्थिर होऊन घरी आल्यावर आपले कार्य सुरू होते. येथेही संशोधनाचे बोट धरणे हितावह आहे. २०१५ च्या अव्हर्ट अभ्यासात २१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना २४ तासांच्या आत उठवून अधिक हालचाल करविण्यात आली. अपेक्षेविरुद्ध त्यांच्यात अनुकूल परिणाम ४६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के आढळला. योग्य चिकित्साही अकाली व अतिमात्र झाली तर अपाय करते, हे सूत्र आपल्याला नवे नाही. भारतातील १४ केंद्रांत झालेल्या अटेंड अभ्यासात (२०१७) १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवले गेले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रुग्ण सारखेच, ४७ टक्के होते. कुटुंबाची सेवा अमोल आहे. पण ती प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, हा यावरून आम्ही घेतलेला बोध होय. म्हणून अभ्यंग व बस्तीबरोबर फिजिओथेरपी चालू राहील असे पाहावे.

अभ्यंग-स्वेदनापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, लुळ्या पायास सूज, उष्णता किंवा पोटरीत वेदना असल्यास मर्दन करू नये. खोल शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दोन, बाधित अंगाची संवेदना कमी असते. पिंडस्वेदाची उष्णता प्रथम निरोगी बाजूस व स्वतःच्या हातावर पाहावी. तीन, लुळा हात ओढून रुग्णास उठवू नये, त्याने खांदा निखळतो.

औषधी विक्रेत्यांनीही लक्षात घ्यावे की, रक्त पातळ ठेवणारी व रक्तदाबाची औषधे ‘आता आयुर्वेदिक सुरू केले’ म्हणून बंद करण्याचा सल्ला कधीही देऊ नये. ज्येष्ठमधाच्या दीर्घ व अधिक मात्रेने रक्तदाब वाढतो. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते.

प्रतिबंधात तर वैद्याला परंपरेने मोठी संधी दिली आहे. आपली तीन बोटे रोज अनेकांच्या नाडीवर असतात. पूर्णतः अनियमित, ताल नसलेली नाडी आढळल्यास त्वरित ई.सी.जी. करवावा. हृदयाच्या अशा विकारात योग्य देखरेखीखालील वॉरफॅरिनमुळे स्ट्रोकचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो. नाडीपरीक्षेचे याहून प्रत्यक्ष फळ क्वचितच दिसेल.

आपल्या संशोधनाची शिस्त

फ्लुओक्सेटिन या औषधाने हालचाल सुधारते, असे २०११ मध्ये ११८ रुग्णांच्या एका फ्रेंच अभ्यासात दिसले व सर्वत्र आशा निर्माण झाली. २०१९ मध्ये ३१२७ रुग्णांच्या फोकस अभ्यासात मात्र कार्यक्षमतेत कोणताही लाभ आढळला नाही, उलट अस्थिभंग वाढले. आपल्याकडे वीस-तीस रुग्णांवर चिकित्सा करून ‘पूर्वी’ व ‘नंतर’ असे गुण मांडण्याचा प्रघात आहे. परंतु पक्षाघातात पहिल्या तीन महिन्यांत बरीच सुधारणा आपोआपही होत असते. तुलनागट नसेल तर श्रेय निसर्गाचे की बस्तीचे, हे सांगता येत नाही.

याकरिता प्रत्येक रुग्णाची नोंद, व्याधीचा प्रारंभदिन, सी.टी. चा निष्कर्ष, चालू औषधे आणि ० ते ६ अंकांची सुधारित रँकिन श्रेणी (० म्हणजे लक्षणरहित, ६ म्हणजे मृत्यू) आरंभी व तीन महिन्यांनी लिहून ठेवावी. ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे करावी.

उपसंहार

आत्ययिक अवस्थेत रुग्ण योग्य ठिकाणी विनाविलंब पाठवणे हीदेखील चिकित्साच आहे. त्यात शास्त्राचा कमीपणा मुळीच नाही. वेळेत पाठवलेला रुग्ण चालत परत येतो, आणि पुढील अनेक महिन्यांच्या चिकित्सेसाठी पुन्हा त्याच वैद्याकडे विश्वासाने येतो. हा विश्वास राखण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांस लाभो.