ओव्याचें व थाईमचें तेल : बुरशीवर त्याचा इलाज कितपत चालतो?

सुगंधी तेलांनीं बुरशी मरते, हें विधान हल्लीं वारंवार कानांवर येतें व त्यांत थाईम या वनस्पतीच्या तेलाचें नांव अग्रभागीं असतें. विधान खरें आहे. परंतु तें कोणत्या परिस्थितींत खरें, हें समजून न घेतां भुईमुगाच्या कोठींत मूठभर ओवा टाकून निश्चिंत झालेले गृहस्थ प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. म्हणून या विषयाची थोडी फोड करणें अवश्य वाटतें.

थाईम हें भूमध्य समुद्राच्या आसपासचें, तुळशीच्या कुळांतील ठेंगणें झुडूप होय. ओवा हा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळांतला. कुळें भिन्न, तरी दोहोंच्या तेलांतील मुख्य द्रव्य बहुधा एकच, तें थायमॉल. १७१९ सालीं कास्पर नॉयमान या जर्मन रसायनज्ञानें थाईमच्या तेलांतून त्याचे स्फटिक वेगळे केले. आपल्याकडे तेंच द्रव्य ‘ओव्याचें फूल’ या नांवानें गांधी-काष्टौषधीच्या दुकानांतून मिळतें. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतून ओवा जर्मनींत जाई व तेथें त्यापासून थायमॉल काढीत. पुढें तें कृत्रिम रीतीनें होऊं लागलें.

बुरशीच्या प्रत्येक पेशीभोंवतीं अत्यंत पातळ असा स्निग्ध पडदा असतो. थायमॉल त्या पडद्यांत शिरतें, पडदा फुटका होतो, आंतील क्षार बाहेर झिरपतात व वाढ खुंटते. तेल खवट होण्यावरही याचा उपयोग होतो. हवेंतील प्राणवायूनें तेलाचा एक कण बिघडला कीं तो शेजारच्यास बिघडवितो, अशी साखळी चालते. थायमॉल आपल्यांतील हायड्रोजनचा अणु देऊन ती तोडतें. त्यानें खवटपणा लांबतो. एकदां खवट झालेलें तेल मात्र पुन्हा चांगलें होत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. प्रयोगशाळेच्या काचेच्या ताटलींत बुरशी अडविण्यास दहा लक्ष भागांत कांहीं शें भाग तेल पुरतें. उदाहरणादाखल ५०० भाग धरूं. म्हणजे १०० किलो शेंगांस ५० ग्रॅम तेल झालें. ओव्याच्या दाण्यांत तेल शेंकडा २ ते ४. मध्यम ३ धरल्यास ५० ग्रॅम तेलासाठीं सुमारें १ किलो ६७० ग्रॅम ओवा लागेल, आणि तोही आपलें सर्व तेल बाहेर सोडील तर! दाणा अखंड असतां तो तसें सोडीत नाहीं. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम ओव्यांत तेल अवघें दीड ग्रॅम. दहा लक्षांत १५ भाग. शिवाय भुईमुगाचा दाणा स्वतःच तेलकट असल्यामुळें तो तें शोषून घेतो व बुरशीच्या वांट्यास त्याहूनही कमी येतें. इतक्यावर कोठी राखली जाईल असें मानणें धाडसाचें होय.

दुसरी गोष्ट, हें तेल उडून जाणारें आहे. लोणच्याच्या बरणीस हिंगाची धुरी देऊन आपल्या स्त्रिया झांकण लावतात, त्यांत वाफ कोंडण्याचें महत्त्व दिसतें. उघड्या कणगींत वास आपल्या नाकास येतो तो वायां चाललेल्या औषधाचाच. युरोपांत द्राक्षांवरील करड्या बुरशीसाठीं थायमॉलयुक्त औषधास २०१३ सालीं मान्यता मिळाली. त्यांत तेल किण्वाच्या पेशींच्या पोकळ कवचांत भरलेलें असतें, म्हणजे तें सावकाश सुटतें. कित्येक जण ओव्याचा काढा शेंगांवर शिंपडतात. थायमॉल लिटरभर पाण्यांत जेमतेम एक ग्रॅम विरघळतें. तेव्हां काढ्यानें औषध अल्प व ओल पुष्कळ दिली जाते.

ओल हेंच तर मूळ. महसूल खात्यांत असतां पेरलेल्या क्षेत्राचा गुंठा न् गुंठा आम्ही लिहीत असूं. घरीं आणल्यावर किती कुजलें याला रकानाच नव्हता. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हां ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडींत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचें विष आढळलें. तें अफ्लाटॉक्सिन होय. दाणे भाजल्यानें तें पुरतें जात नाहीं. घाण्यांत त्याचा बहुतेक अंश पेंडींत उतरतो आणि पेंड खाणाऱ्या गाई-म्हशींच्या दुधांतून त्याचा कांहीं भाग मुलांच्या पोटांत जातो. बुरशी डोळ्यांस दिसत नसतांही विष असूं शकतें, यास्तव बुरसटलेल्या शेंगा ओव्याच्या वासांत ठेवून पेंडीस वापरूं नयेत.

शेंगा काढल्यावर लगेच वाळवाव्या. हलवितां दाणा खुळखुळला पाहिजे. फुटक्या व किडक्या शेंगा निवडून काढाव्या. एवढें करून मग तेलाचा प्रयोग करणें असेल तर घट्ट झांकणाच्या लहान बरणींत करावा, आणि बियाण्यावर करण्यापूर्वीं एक सावधगिरी घ्यावी. थायमॉल बुरशीप्रमाणें बीजाच्या अंकुरासही अपाय करूं शकतें. तेल दिलेले १०० व न दिलेले १०० दाणे ओल्या गोणपाटांत निरनिराळे गुंडाळून आठ-दहा दिवसांनीं मोजावे, आणि दोन्ही आंकडे बरणीवर लिहून ठेवावे.